खाल्लेलं अंगी लागतं, पण नेमकं कुठे?

माझा मामा आणि मावशी सख्खी भावंडं, एकाच चुलीवरचं खाऊन वाढलेली. मामा काडीपैलवान. पँट कमरेवर ठरावी म्हणून त्याने घरीच खिळा तापवून पट्ट्याला दोन जादा भोकं पाडली आहेत. मावशी अंगाने भरलेली. लग्नाच्या पंगतीला बसली की शेजारून कुणीतरी ‘गोड जरा बेतानंच हं’ असं म्हणणारच. दोन वर्षांपूर्वी सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर झालं, तेव्हा दोघांनी हात पुढे केले. मावशीचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.४ आला. नॉर्मल. मामाचं ७.९, म्हणजे सरळ मधुमेह. शिवाय ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले, आणि पुढे सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी.

‘बाटल्या बदलल्या असणार,’ हा मामाचा पहिला निष्कर्ष. मावशीचाही तोच होता, कारण चांगला रिपोर्ट आपला असेल यावर तिचाच विश्वास बसेना. दोघांनी दुसरीकडे पुन्हा रक्त दिलं. दशांशात थोडं इकडेतिकडे, बाकी तेच.

आपल्याकडे दोन वाक्यं सर्रास ऐकू येतात. ‘कितीही खाल्लं तरी अंगी लागतच नाही’ आणि ‘मला नुसती हवासुद्धा अंगी लागते’. दोन्हींमध्ये एक गोष्ट न बोलता धरलेली असते: अंग हे एकच काहीतरी आहे, आणि प्रश्न फक्त किती लागलं एवढाच. गेल्या वीसेक वर्षांत जनुकांच्या अभ्यासाने नेमकी हीच शिवण उसवली. किती लागणार यात हात असलेली जनुकं एक, आणि कुठे लागणार यात हात असलेली बरीचशी दुसरीच. साखर, रक्तदाब, चरबीचे रिपोर्ट यांचं बरंवाईट या दुसऱ्या प्रश्नावर बरंच अवलंबून असतं. वजनकाट्याला मात्र फक्त पहिला प्रश्न कळतो.

आधी ‘किती’

१९९० साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आज असा प्रयोग करायला कुणी धजेल का, शंकाच आहे. एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्या घेतल्या. या २४ तरुणांना देखरेखीखाली ठेवलं आणि १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १,००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. आपल्या हिशोबात रोजच्या जेवणावर वरून आठ-नऊ तेल लावलेल्या पोळ्या. सगळ्यांना जादा खाणं तेवढंच. शेवटी काट्यावर उभं केलं, तर सरासरी वाढ ८.१ किलो. पण कुणी फक्त ४.३ किलोने वाढला होता आणि कुणी तब्बल १३.३ किलोने.

गंमत पुढे आहे. एक भाऊ कमी वाढला असेल तर त्याचा जुळाही कमीच वाढलेला. एक सुटला तर दुसराही सुटलेला. म्हणजे ‘अंगी लागत नाही’ ही नुसती बढाई नाही आणि ‘हवासुद्धा लागते’ हा नुसता बहाणाही नाही. आणि यातली जी नोंद सहसा कुणी सांगत नाही तीच मला जास्त मोलाची वाटते: पोटाच्या आत, आतड्यांभोवती किती चरबी साठली, यात तर जुळ्यांमधलं साम्य वजनापेक्षाही ठळक होतं. कुठे साठवायचं याच्या सूचनाही अंगातच लिहिलेल्या आहेत, याची ही सुरुवातीची कुणकुण.

या सूचना म्हणजे डीएनए. साधारण ३ अब्ज अक्षरांचा मजकूर, आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक. माणसामाणसांत हा मजकूर जवळजवळ सारखाच असतो, पण लाखो ठिकाणी एखादं अक्षर वेगळं असतं. बहुतेक वेळा या फरकाने काही बिघडत नाही. काही ठिकाणी मात्र भूक थोडी जास्त लागते, पोट भरल्याची जाणीव थोडी उशिरा होते, नाहीतर चरबीची पेशी थोडी वेगळी वागते. हे फरक शोधायची रीत तशी कष्टाचीच आहे. लाखो माणसांची अक्षरं एकेका जागी ताडून पाहायची आणि विचारायचं, इथे अमुक अक्षर असलेल्यांचं वजन सरासरीने जास्त भरतं का? २०१८ साली सुमारे ७ लाख माणसांच्या माहितीवरून अशा ९०० पेक्षा जास्त जागा सापडल्या. त्यातली एकेक जागा वजनात चिमूटभराचा फरक करते. पण चिमटीचिमटीने पायली भरते.

या जागांच्या आसपासची बरीच जनुकं काम कुठे करतात? पोटात नाही, मेंदूत. भुकेची आणि तृप्तीची केंद्रं जिथे आहेत तिथे. म्हणूनच जाड माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ असं म्हणणाऱ्यांची मला अलीकडे गंमत वाटते. दोन माणसांची भूक एकाच मापाची असते, हे त्यांना कुणी सांगितलं?

भुकेचा हा धागा किती जबरदस्त असू शकतो, हे १९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन लहान मुलांमध्ये दिसलं. पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली ही चुलत-मावस नात्यातली दोन मुलं. एक आठ वर्षांचं, वजन ८६ किलो. दुसरं दोन वर्षांचं, २९ किलो. चरबीच्या पेशी मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप लेप्टिन नावाच्या संप्रेरकातून पाठवतात. या मुलांच्या लेप्टिनच्या जनुकातच बिघाड होता, त्यामुळे निरोप निघतच नव्हता आणि मेंदूच्या लेखी दुष्काळ संपतच नव्हता. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर मोठ्या मुलाची भूक ताळ्यावर आली आणि वजन उतरायला लागलं. अशी कुटुंबं फार विरळा. तुमच्या-माझ्या बाबतीत एकच जनुक असं दांडगाई करत नाही.

त्यातल्या त्यात वजनदार म्हणावं असं नाव एफटीओ. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते पुढे आणलं. शोध खरं तर मधुमेहाच्या जनुकांचा चालला होता. १६व्या गुणसूत्रावरचं एक अक्षर मधुमेहींमध्ये जास्त दिसत होतं. पण मधुमेही आणि निरोगी माणसांची वजनं जुळवून घेऊन पुन्हा हिशोब मांडला, तर मधुमेहाशी असलेलं नातं पुसलं गेलं. म्हणजे हे अक्षर साखर थेट वाढवत नव्हतं, वजन वाढवत होतं आणि वजनाच्या मागून साखर येत होती. ज्यांच्याकडे ते दोन्ही प्रतींमध्ये होतं, आणि असे युरोपीय वंशाच्या प्रौढांपैकी १६ टक्के होते, त्यांचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरलं. स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की हे अक्षर असलेली मुलं ऊर्जा कमी खर्च करत नव्हती. ती खाताना जास्त कॅलरीचं खात होती.

या अक्षराची एक खोड सांगायला हवी. ते बसलंय एफटीओच्या हद्दीत, पण २०१४ आणि २०१५ साली लक्षात आलं की त्याचा हात लांबच्या आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ या शेजारी जनुकांपर्यंत पोहोचतो. बटण आपल्या भिंतीवर आणि दिवा लागतो पलीकडच्या बिऱ्हाडात, तसा प्रकार. चरबी जाळून ऊब करायची की साठवून ठेवायची, याचा कौल चरबीच्या पेशीत या बटणावर फिरतो. एवढं कळायला आठ वर्षं गेली, म्हणून कुणी ‘जाडेपणाचं जनुक सापडलं’ अशी बातमी दाखवली की मी आधी तारीख बघतो.

इथपर्यंतचा रस्ता सरळ आहे: अक्षर, मग वजन, मग साखर. पण हाच रस्ता पुण्यात मोजला तेव्हा तो वाकडा निघाला.

पुण्याचे सडपातळ आणि सामोआचे भारदस्त

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली एफटीओची तीच अक्षरं भारतीयांमध्ये तपासली. मधुमेहाशी नातं इथेही होतं. पण वजनाचा भाग वजा केल्यावर ब्रिटनमध्ये ते जसं पुसलं गेलं, तसं इथे गेलं नाही. थोडं उणावलं, बाकी राहिलं. काट्यावर न दिसणारं काहीतरी मधे होतं.

ते काय असावं, याचं सगळ्यात सोपं चित्र याज्ञिकांनी स्वतःच्याच अंगावर दाखवलेलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. उंचीच्या मानाने वजनाचा हा आकडा कुठल्याही तक्त्यात उत्तमच. पण अंगातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तर युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. सोबतच्या टिपणात कारणांचा ऊहापोहही मजेशीर आहे: युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांची धाव मुख्यतः रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यापुरती. पण त्याच दमात त्यांनी जनुकांचा वाटा अजून ठरायचा आहे असंही लिहिलं, आणि जन्माच्या वेळचं आपलं कमी वजन हेही एक कारण असू शकतं असं सुचवलं.

जन्माच्या वजनाचा मुद्दा हवेतला नाही. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर बायांची आणि मग त्यांच्या मुलांची नोंद ठेवणारा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. हलकी म्हणजे सगळीकडूनच बारीक असायला हवी ना? तसं नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून. जन्मतःच ‘बारीक-पण-चरबीयुक्त’. यात सगळं खापर जनुकांवर फोडता येत नाही. गरोदरपणात आईच्या अंगात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलं, तर पुढे मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हेही याच गावांनी दाखवलं. आईच्या ताटातली उणीवही वारशातच येते, फक्त तो वारसा अक्षरांचा नसतो.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. पॅसिफिक महासागरातलं सामोआ. तिथली माणसं हाडापेराने थोराड आणि वजनाने भारी. २०१६ साली सामोआच्या ३,००० हून जास्त माणसांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सीआरईबीआरएफ नावाच्या जनुकातला एक अक्षरबदल सापडला. पॅसिफिकच्या बेटांबाहेर तो जवळजवळ आढळत नाही, सामोआत मात्र निम्म्याच्या आसपास माणसांकडे त्याची किमान एक प्रत आहे. एकेका प्रतीमागे बीएमआय सुमारे १.३६ ने वाढतो. साडेपाच-पावणेसहा फूट उंचीच्या माणसात त्याचे चारेक किलो होतात. एफटीओपेक्षा कितीतरी जास्त.

मग त्यांना मधुमेहही जास्त असणार, नाही का? उलट. ज्यांच्याकडे हा बदल होता त्यांचं वजन जास्त, पण मधुमेहाचा धोका ठळकपणे कमी आणि उपाशीपोटीची साखरही थोडी उतरलेली. सामोआत एकूण मधुमेह भरपूर आहे, तेव्हा हे कवच म्हणून मिरवण्यासारखं नाही. पण तिथल्याच दोन माणसांची तुलना केली, तर या एका अक्षराचं जास्तीचं वजन साखरेच्या दृष्टीने निरुपद्रवी ठरतं. प्रयोगशाळेत चरबीच्या पेशींमध्ये हा बदल घातला, तेव्हा त्या पेशी ऊर्जा कमी खर्चून चरबी जास्त साठवू लागल्या. काटकसरी पेशी. आणि साठवण नीट, जिथल्या तिथे.

कणगी भरली की

जिथल्या तिथे म्हणजे काय, ते सांगायला मला आजोळच्या घरातली कणगी आठवते. सुगी झाली की ज्वारी त्या शेणाने सारवलेल्या उंच टोपल्यात जायची. तिथे धान्य वर्षभर सुखात राहायचं. एका वर्षी पीक दांडगं आलं आणि कणगी तोंडाशी आली. मग पोती माजघरात, पलंगाखाली, एक तर देवघराच्या दाराशी. महिनाभरात घरभर उंदीर, सोंडे, आणि आजीची चिडचिड. ज्वारी तीच होती. जागा चुकली होती.

कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या-नितंबांवरची, ही शरीराची कणगी. तिथल्या पेशी फुगायला आणि नव्या पेशी तयार व्हायला तयार असतील, तर जास्तीची चरबी तिथे मुकाट राहते. कणगी लहान असेल किंवा लवकर भरली, तर उरलेली चरबी रक्तातून फिरत नको तिथे मुक्काम ठोकते: यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत, आतड्यांभोवती. यकृतात चरबी झाली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहतं. स्नायू साखर आत घ्यायला कुरकुरतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून काही वर्षं भागवतं आणि मग थकतं. यकृत जादा चरबी रक्तात पाठवतं, म्हणून ट्रायग्लिसराइड चढतात. मामाचा रिपोर्ट ओळीने वाचला तर ही सगळी साखळी त्यात दिसत होती.

हे नुसतं रूपक नाही, याचा रोकडा पुरावा कणगीच नसलेल्या माणसांमध्ये मिळतो. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात हातापायांवर, कधी सगळ्या अंगावर कातडीखाली चरबीच साठत नाही. ही माणसं दिसायला पीळदार, दंडावरच्या शिरा उठून दिसणारी. व्यायामशाळेत हेवा वाटावा अशी. आणि यांनाच तरुणपणी जबर मधुमेह, फॅटी लिव्हर आणि दुधासारखं दिसण्याइतकं चरबीने दाट रक्त. चरबी नाही म्हणून आजार, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण तसंच आहे.

उंदरांवर याची दोन्ही टोकं करून पाहिली गेली. अमेरिकेत मार्क राइटमन यांच्या गटाने चरबीच नसलेले उंदीर घडवले. त्यांना मधुमेह झाला, आणि २००० साली त्यांच्यात दुसऱ्या उंदरांची चरबी बसवली तेव्हा साखर खाली आली. म्हणजे चरबी घालून मधुमेह उतरवला! मग २००७ साली डॅलसमध्ये फिलिप शेरर यांच्या गटाने लेप्टिन नसलेल्या, आधीच गोल गरगरीत उंदरांमध्ये अॅडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींचं संप्रेरक वाढवलं. ते आणखीच प्रचंड फुगले. पण कणगी मोठी झाल्यामुळे यकृतातली चरबी हटली आणि साखर सुधारली.

माणसांत कणगीचा आकार ठरवणारी अक्षरं शोधण्याचं काम ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी बरंच पुढे नेलं. त्यांनी चरबी वाढवणाऱ्या अक्षरांचे सरळ दोन ढीग केले. एका ढिगात ३६ जागा: अंगात चरबी जास्त, पण मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचा धोका कमी. दुसऱ्यात ३८: चरबी जास्त आणि धोकाही जास्त. एमआरआय काढल्यावर फरक कुठे होता ते दिसलं. पहिल्या ढिगाची माणसं कातडीखाली चरबी जास्त बाळगत होती आणि यकृतात कमी. दुसऱ्या ढिगाची यकृतातही भरत होती.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. मग मी पुढचं वाक्य सांगितलं. याच अक्षरांच्या पुढच्या अभ्यासात सांधे झिजण्याचा आणि शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका दोन्ही ढिगांमध्ये वाढलेला होता. गुडघ्याला चरबी कणगीत आहे की देवघरात, हे कळत नाही. त्याला फक्त किलो कळतात. मावशी जिना उतरताना कठडा धरते, तो त्यामुळेच.

रक्तदाबाचंही एक उपकथानक आहे. एमसी-४-आर नावाचं जनुक मेंदूत तृप्तीचा निरोप पुढे नेतं. ते बिघडलेली माणसं लहानपणापासून खूप लठ्ठ होतात. पण २००९ साली केंब्रिजच्या अभ्यासात दिसलं, की तेवढ्याच लठ्ठ इतर माणसांपैकी ५३ टक्क्यांना रक्तदाबाचा त्रास होता आणि या माणसांपैकी फक्त २४ टक्क्यांना. कारण जाडेपणा रक्तदाब वाढवतो तो बऱ्याच अंशी याच जनुकाच्या वाटेने, मज्जातंतूंना चेव आणून. वाटच तुटलेली, मग दाब वाढणार कसा? याच जनुकाच्या शेजारी एक साधासा, अनेकांमध्ये असणारा अक्षरबदलही आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांच्या २००८ च्या अभ्यासात, ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती होत्या त्यांच्या कमरेचा घेर साधारण २ सेंटीमीटरने जास्त भरला. युरोपीय लोकांपेक्षा आपल्यात तो जास्त आढळतो. आता आपल्या पोटाला एवढंच कारण पुरत नाही, हे मलाही कळतं.

थुंकी पाठवून काय कळतं

हे सगळं वाचल्यावर पहिला मोह होतो तो जनुकचाचणीचा. घरबसल्या नळीत थुंकी भरून पाठवा आणि ‘तुमच्या जनुकांनुसार आहार’ मिळवा, अशा जाहिराती मलाही रोज दिसतात. माझं मत विचाराल तर पैसे वाचवा. हजारो नव्हे, लाखो अक्षरं मिळून एक गुण, म्हणजे परीक्षेतल्या मार्कांसारखा एकच आकडा, काढता येतो, हे खरं. २०१९ साली अशा २१ लाख अक्षरांच्या गुणावरून सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या दहा टक्के माणसांत मध्यमवयात सरासरी १३ किलोंचा फरक दिसला. पण सरासरी गटाची असते. त्याच गुणाची दोन माणसं घेतली तर एक बारीक आणि एक जाडा निघू शकतो. त्यातून हे गुण ज्या माणसांवरून बसवले ती बहुतांश युरोपीय वंशाची. एफटीओचं गणित पुण्यात बदललं, हे आपण आत्ताच पाहिलं. आणि कुठल्या अक्षराला वांग्याची भाजी मानवते आणि कुठल्याला नाही, असं सांगणारं जनुकशास्त्र मला अजून भेटलेलं नाही.

अक्षरं बदलत नाहीत, पण ती किती जोरात बोलतात हे बदलतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यानपिढ्या लोकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जाते. तिथल्या नोंदींत १९४२ च्या आधी जन्मलेल्यांमध्ये एफटीओचा वजनावर परिणाम दिसतच नाही, नंतरच्यांमध्ये ठळक दिसतो. अक्षर तेच, काळ बदलला. हातात गाडी आली आणि खाणं स्वस्त झालं, तेव्हा त्या अक्षराला कंठ फुटला. अडीच-एक दशकांपूर्वीपर्यंत रोज शेतावर चालत जाणाऱ्या आपल्याकडच्या गावांत आता दारात दुचाकी आहे. २ लाखांहून जास्त माणसांच्या एका एकत्रित अभ्यासात हालचाल करणाऱ्यांमध्ये एफटीओचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी भरला. पूर्ण गप्प नाही, पण आवाज उतरलेला.

थुंकीपेक्षा कितीतरी जास्त सांगणारं यंत्र शिंप्याच्या गळ्यात असतं. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या मापांत बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वजनाच्या हिशोबाने लठ्ठ २८.६ टक्के निघाले आणि पोटाच्या घेराच्या हिशोबाने ३९.५ टक्के. या दोन आकड्यांच्या मधे जी माणसं आहेत, त्यात माझा मामा आहे.

त्याचा बीएमआय २३ च्या आतच होता. ‘माझं कसलं वजन कमी करताय?’ असं तो डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टरांनी टेप काढली आणि बेंबीवरून फिरवली. ९३. पट्टा बेंबीखाली, कमरेच्या हाडांवर बसायचा. इतकी वर्षं तो भोकं मोजत होता ती हाडांची. पोट पट्ट्याच्या वरून शांतपणे पुढे आलं होतं आणि सैल बुशशर्टात दिसत नव्हतं.

ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातले मधुमेहाचे संशोधक रॉय टेलर म्हणतात, प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा त्याची स्वतःची असते आणि ती ओलांडली की मधुमेह येतो, मग काटा काहीही म्हणो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी बारीक किंवा बेताच्या अंगाच्या २० मधुमेहींना टप्प्याटप्प्याने वजन उतरवायला लावलं. दहा टक्क्यांच्या आसपास वजन घटल्यावर त्यातल्या १४ जणांची साखर गोळीशिवाय नॉर्मलच्या जवळ आली. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबीही उतरली होती.

मामाने वर्षभरात ५ किलो उतरवले. भात निम्मा, संध्याकाळी टेकडी, आणि दर रविवारच्या श्रीखंडाला रजा. काडीचा आणखी बारीक झाला म्हणून नातेवाईक हळूच मामीला विचारतात, ‘काही मोठं दुखणं तर नाही ना?’ एचबीएवनसी ६.२ वर आहे, एक गोळी सुटली आहे. परवा गेलो तेव्हा तो गॅसवर खिळा तापवत बसला होता, आणि मावशी शेजारी बसून, आपला रिपोर्ट मांडीवर ठेवून, त्याला सांगत होती की भोक जरा वरच्या बाजूला पाड.